घराण्याचं वैर अंगावर उगवतं तेव्हा

एका घराण्यातल्या मुलांच्या केसांत काळी पिसं उगवतात. दुसऱ्या घराण्यातल्या मुलींच्या अंगावर जन्मतःच माशाच्या खवल्यांसारखे चमकते डाग असतात. दोन्ही घराणी गावोगाव फिरून खेळ करतात आणि त्यावरच जगतात. पिसांवाले उंच झाडांवर पंख लावून कसरती करतात, खवल्यांवाल्या मुली पाण्यात जलपऱ्या होऊन पोहतात. दोघांचं वैर असं विकोपाला गेलेलं, की समोरच्या घरातल्या कुणाचा नुसता हात लागला तरी मरण ओढवेल, हे पोरांच्या मनावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. मग एका गावात दोघांचेही तळ पडलेले असताना तिथल्या कारखान्यात अपघात होतो, अंगाची आग करणारं रसायन पावसासारखं कोसळतं, आणि खवल्यांच्या घरातल्या लेसचा जीव वाचवतो तो नेमका पिसांच्या घरातला क्लक.

अ‍ॅना-मरी मॅक्लेमोर यांची ‘द वेट ऑफ फेदर्स’ ही 2015 सालची इंग्रजी कादंबरी इथून पुढे सरकते. ती कशी संपते ते सांगून कुणाचा विरस करणार नाही. पण किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या, घराण्यांचं वैर आणि मनाई असलेलं प्रेम यांभोवती फिरणाऱ्या जादुई वास्तववादी कादंबऱ्या म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हिच्याइतकं सोयीचं उदाहरण मला माहीत नाही. कारण इथे जादू, वैर आणि प्रेम या तिन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की एक काढली तर उरलेल्या दोन कोसळतात.

आधी जादूबद्दल बोलू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. पुस्तकात काही अद्भुत दिसलं की आपण त्याला फॅन्टसी म्हणून मोकळे होतो. फॅन्टसीत जादूला नियम असतात, तिचा शोध घेतला जातो, ती शिकता येते, शस्त्रासारखी वापरता येते. जादुई वास्तववादात यातलं बहुधा काहीच नसतं. जग आपलंच असतं, त्यात बिलं भरावी लागतात, कारखाने असतात, माणसं आजारी पडतात. त्या जगात एखादी अशक्य गोष्ट घडते आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. लेस्ली वॉल्टन यांच्या ‘द स्ट्रेंज अँड ब्यूटिफुल सॉरोज ऑफ एव्हा लॅव्हेंडर’ (2014) मध्ये नायिका पंख घेऊन जन्माला येते. तिच्या आजीची एक बहीण पक्ष्यांचं वेड असलेल्या माणसावर जीव जडल्यामुळे कॅनरी पक्षी होऊन बसते. ती कॅनरी कशी झाली, मंत्र कुठला, उतारा काय, हे पुस्तक सांगत बसत नाही. घरातल्या एका दुर्दैवी मावशीची हकीकत सांगावी तशी ती सांगून निवेदिका पुढे जाते.

फरक पटकन लक्षात यायचा असेल तर क्लोई गाँग यांची ‘दीज व्हायलंट डिलाइट्स’ (2020) शेजारी ठेवून बघा. 1926 सालचं शांघाय, दोन वैरी टोळ्या, दोघींचे वारस एकेकाळी एकमेकांच्या प्रेमात पडलेले. वैर आहे, प्रेम आहे, अद्भुतही आहे: शहरात अशी काही बाधा पसरते की माणसं स्वतःच्याच हातांनी स्वतःचा गळा फाडतात. पण तिथे या बाधेचं मूळ शोधणं हेच कथेचं इंजिन आहे. जादू हे एक कोडं आहे आणि ते सुटायला हवं. म्हणून ही फॅन्टसी. यात कमीजास्त काही नाही, जातकुळी वेगळी. लेसच्या अंगावरचे डाग कुठून आले हे कोडं म्हणून कुणी सोडवायला घेत नाही. तिच्या घरात त्याला नदीदेवतेचा आशीर्वाद मानतात आणि विषय तिथेच संपतो.

हा शांत सूर आला कुठून? जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रो यांनी 1925 मध्ये ‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा वापरली ती चित्रांबद्दल. साहित्यात ती मूळ धरून वाढली लॅटिन अमेरिकेत. क्युबाचे लेखक आलेहो कार्पेंतिएर यांनी 1949 मध्ये आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत मांडलं की या खंडाचं वास्तवच अद्भुत आहे, ते बाहेरून आणावं लागत नाही. 1967 मध्ये गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ मूळ स्पॅनिशमध्ये आली आणि मग जगभरच्या वाचकांना या सुराची ओळख झाली. मार्केझ यांनी 1981 च्या एका मुलाखतीत दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या या लेखनाच्या आतल्या यंत्रणेवर थेट बोट ठेवतात. पहिली अशी की हा सूर त्यांना आजीकडून मिळाला. आजी अचाट गोष्टी सांगायची, पण सांगताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. दुसरी गोष्ट हत्तींची. आकाशात हत्ती उडतायत असं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण 425 हत्ती उडतायत म्हटलं तर लोक बहुधा ठेवतील.

आजी आणि अचूक आकडा. म्हणजे सांगणारं माणूस घरातलं हवं आणि तपशील हिशेबाच्या वहीतला हवा. या दोन गोष्टी जमल्या की अशक्य गोष्ट गळी उतरते. म्हणूनच हा प्रकार कुटुंबाच्या कथेशी इतका सहज जुळतो. प्रत्येक घरात काही गोष्टी अशाच सांगितल्या जातात: कुणाचा शाप कुणाला लागला, कोण कुणामुळे देशोधडीला लागलं, कुठल्या घराशी का बोलायचं नाही. पुरावा कुणी मागत नाही. घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं, एवढाच पुरावा.

आता वैर. घराण्यांच्या वैराचं एक विचित्र वैशिष्ट्य असं की त्याचं कारण सहसा सापडत नाही. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये दोन घरांचं हाडवैर आहे, माणसं मरतात, पण ते कशावरून सुरू झालं हे नाटकभर कुणीच सांगत नाही. ‘जुनं वैर’ एवढाच उल्लेख. मला हा नाटककाराचा विसर वाटत नाही. वैर पुढच्या पिढीकडे जातं तेव्हा कारण मागेच गळून पडतं आणि राग तेवढा शाबूत पोचतो.

प्रत्यक्षातलं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया यांच्या सीमेवर टग फोर्क नदीच्या दोन काठांवर राहणारी हॅटफिल्ड आणि मकॉय ही घराणी आहेत. त्यांचं भांडण सुरू झालं कधी? कुणी 1865 कडे बोट दाखवतं, यादवी युद्धातून परतलेल्या एका मकॉयच्या खुनाकडे. कुणी 1878 कडे, एका डुकराच्या मालकीवरून झालेल्या खटल्याकडे. 1882 मध्ये निवडणुकीच्या दिवशी मारामारी झाली, त्यात एक हॅटफिल्ड जीवघेणा जखमी झाला, बदल्यात तीन मकॉय भावांना मारण्यात आलं, आणि मग आग पेटतच राहिली. या धामधुमीत एक प्रेमकथाही आहे. रोझॅना मकॉय आणि जॉन्सी हॅटफिल्ड. लोककथांनी तिला पुढे खूप सजवलं, पण घडलं ते असं की जॉन्सीने रोझॅनाला सोडलं आणि 1881 मध्ये तिच्याच चुलत बहिणीशी लग्न केलं. प्रेमाने वैर मिटलं नाही की प्रेमासाठी कुणी प्राणही दिला नाही. खऱ्या आयुष्यात घराण्याचं ओझं एका मुलीच्या वाट्याला येतं आणि ती एकटी पडते, एवढंच.

कादंबरीकाराला नेमकी इथे जादू कामाला येते. वास्तववादी कादंबरीत वारशाने आलेला राग दाखवायचा तर पात्रांच्या तोंडून तो बोलवून घ्यावा लागतो, आणि चार पानांत तो भाषणासारखा वाटायला लागतो. जादुई वास्तववादात तो राग शरीरावर उतरवता येतो. पिसं, खवले, न थांबणारा पाऊस, प्रेम केलं की नाहीसा होणारा माणूस. घराने मुलांना जे बोलून सांगितलं नाही ते त्यांच्या अंगावर उगवतं आणि लपवायचं म्हटलं तरी लपत नाही. क्लकच्या पिसांत काळ्याबरोबर लाल रंगाची छटा आहे. तेवढ्यावरून त्याच्या स्वतःच्याच घरात त्याला अपशकुनी ठरवतात. बाहेरच्यांविरुद्ध वापरायला तयार केलेली मोजपट्टी घर कधी ना कधी आपल्याच मुलावर वापरतं, हे या एका लाल छटेत येऊन जातं. त्यावर लेखकाला वेगळं भाष्य करावं लागत नाही.

मॅक्लेमोर यांच्याच ‘वाइल्ड ब्यूटी’ (2017) मध्ये हे आणखी पुढे जातं. एका मोठ्या बागेत पिढ्यान्‌पिढ्या बायकाच राहतात, त्यांच्या हातांतून फुलं उमलतात, आणि त्या जिवापाड प्रेम करतील तो माणूस नाहीसा होतो. सुरुवातीला हा शाप वाटतो. हळूहळू प्रश्न बदलत जातो: ही बाग कुणाच्या मालकीची, इथे आधी काय झालं होतं, ते कुणी आणि का झाकून ठेवलं? पहिल्या निम्म्या पुस्तकात ज्याला आपण जादू समजत होतो तो दाबून टाकलेला इतिहास असू शकतो, ही शंका येऊ लागते. या प्रकारच्या चांगल्या कादंबरीची माझी खूण हीच. जादूचं स्पष्टीकरण मिळत नाही, पण जादूमागचा अन्याय दिसायला लागतो.

आणि प्रेम? मनाई केली की प्रेम वाढतं, असं आपण धरून चालतो. 1972 मध्ये रिचर्ड ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 140 जोडप्यांचा अभ्यास करून असंच काहीसं मांडलं होतं: आईवडिलांनी आडकाठी केली की जोडप्याची ओढ वाढते. त्याला ‘रोमिओ आणि ज्युलिएट परिणाम’ असं नावही पडलं. पण 2014 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ते पुन्हा तपासून पाहिलं तेव्हा तसं काही हाती लागलं नाही. उलट जवळच्या माणसांची पसंती असेल तिथेच प्रेम आणि बांधिलकी जास्त दिसली. ही माहिती या कादंबऱ्या वाचताना फार उपयोगी पडते. ज्या पुस्तकात दोघं एकमेकांकडे ओढले जातात ते केवळ मनाई आहे म्हणून, ते पुस्तक मधेच ढिलं पडतं. मनाई उठली तर या दोघांकडे बोलायला काय उरेल, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही.

चांगल्या कादंबरीत प्रेमाला एक नेमकं काम असतं. शत्रूच्या घरात शिरायचा तो एकमेव दरवाजा असतो. अपघातानंतर लेसच्या दंडाखाली पिसाचा ठसा उमटतो, तिच्या घरचे तो शाप मानून तिला बाहेर काढतात, आणि शाप उतरवायचा म्हणून ती ओळख लपवून क्लकच्या घराण्यात कामाला लागते. तिथे तिला कळतं की त्या घरातही तिच्या घराण्याबद्दल हुबेहूब अशाच गोष्टी सांगितल्या जातात. दोन्ही घराणी एकमेकांवर ज्या जुन्या दुर्घटनेचा ठपका ठेवतात तिची जी हकीकत लेसकडे आहे, तिची दुसरी बाजू या तंबूत सांभाळून ठेवलेली आहे. आरोप तेच, नावं तेवढी उलटी. प्रेमात पडल्यामुळे तिला दोन्ही बाजू एकाच वेळी ऐकू येतात, आणि हे कळणं दोन्ही घरांना कुठल्याही पळून जाऊन केलेल्या लग्नापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. ‘दोघं एकत्र येतील का’ हा प्रश्न असतोच. त्याच्या खाली मोठा प्रश्न असतो: आपल्याला घरात सांगितलं गेलं ते खरं होतं का?

हा धागा मोठ्यांसाठीच्या लॅटिन अमेरिकन कादंबऱ्यांतून आलेला आहे. इसाबेल आयेंदे यांच्या ‘द हाउस ऑफ द स्पिरिट्स’ (1982) मध्ये जमीनदाराची मुलगी ब्लांका आणि त्याच्याच शेतावरच्या मुकादमाचा मुलगा पेद्रो तेर्सेरो यांचं प्रेम आहे, आणि ती सगळी कथा पुढे जुळवली जाते ती ब्लांकाच्या आईने लिहून ठेवलेल्या वह्यांवरून. लाउरा एस्किवेल यांच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ (1989) मध्ये धाकट्या मुलीने लग्न न करता आईची सेवा करायची असा घराण्याचा रिवाज आहे. तितावर प्रेम करणारा पेद्रो तिच्या बहिणीशी लग्न करतो, लग्नाचा केक तिताच करते, तिचे अश्रू त्यात पडतात आणि तो खाल्लेले सगळे पाहुणे आपापल्या गमावलेल्या प्रेमाच्या आठवणीने हुंदके देऊ लागतात. तोंडाने बोलायची बंदी असलेलं दुःख केकमधून सगळ्या पाहुण्यांच्या पोटात जातं.

पण मनाई असलेल्या प्रेमाचं सगळ्यात धारदार चित्र मला मार्केझ यांच्याच पुस्तकात दिसतं. मेमे ही प्रतिष्ठित घरातली मुलगी. मौरिसिओ बाबिलोनिया केळी कंपनीच्या गॅरेजमधला शिकाऊ मेकॅनिक. तो जिथे जाईल तिथे पिवळी फुलपाखरं त्याच्या आधी पोचतात. जे प्रेम लपवायचं त्याची वर्दी हजार पंखांनी आधीच मिळालेली. मेमेची आई हे ताडते आणि कोंबड्या चोरीला जातात अशी तक्रार करून परसात पहारेकरी बसवते. मेमेला भेटायला कौलं सरकवत असताना मौरिसिओला गोळी लागते, पाठीचा कणा जातो, आणि उरलेलं आयुष्य तो अंथरुणात घालवतो, गावाच्या लेखी कोंबडीचोर म्हणून. मेमेला मठात पाठवतात. ती पुन्हा कधीच बोलत नाही. इथे फुलपाखरं जादूची आहेत आणि गोळी खरी आहे. अधिकृत नोंदीत राहतं ते खोटं, कोंबडीचोर. खरं काय होतं ते फक्त फुलपाखरांना ठाऊक.

हे सगळं किशोरवाचकांसाठी का लिहावं? इंग्रजीत किशोरांचं साहित्य म्हणून जे वेगळं ओळखलं जाऊ लागलं, त्यातलं एक सुरुवातीचं पुस्तक म्हणजे एस. ई. हिंटन यांचं ‘द आउटसायडर्स’, दोन गटांच्या वैरावरचं. तेही 1967 चंच, आणि ते लिहायला घेतलं तेव्हा लेखिका स्वतः शाळेत होती. पंधरा-सोळाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा घराच्या नियमांकडे बाहेरून बघू लागतो. हा नियम कुणी केला, मला कुणी विचारलं होतं का, हे प्रश्न त्याच वयात पडतात. शरीरही त्याच वयात न विचारता बदलत असतं, त्यामुळे अंगावर पिसं उगवणं ही कल्पना त्या वाचकाला आपल्यापेक्षा जवळची वाटत असणार. मॅक्लेमोर यांच्या कादंबऱ्यांत समलिंगी आणि ट्रान्स (पारलिंगी) पात्रं अशीच घराच्या कथेच्या मध्यभागी येतात. 2016 च्या ‘व्हेन द मून वॉज अवर्स’ मध्ये एका मुलीच्या मनगटातून गुलाब उगवतात आणि तिचा जिवलग मित्र सॅम ट्रान्स आहे. गुलाब पाहून गाव कुजबुजतं, आणि सॅमचं गुपित बाहेर पडलं तर काय होईल याची टांगती तलवार दोघांवर असते.

एक खरा वाद इथे टाळून चालणार नाही. जादुई वास्तववाद हा वसाहतीच्या, हुकूमशाहीच्या, हिंसेच्या इतिहासातून आलेला आहे. तो उचलून कुणीही आपल्या कथेला लावला तर चालेल का? मॅगी स्टीफवॉटर यांच्या ‘ऑल द क्रूकेड सेंट्स’ (2017) मध्ये 1962 सालच्या कोलोरॅडोतलं सोरिया नावाचं मेक्सिकन-अमेरिकन कुटुंब आहे. ते चमत्कार करतं, पण चमत्कारासाठी आलेल्यांना नंतर मदत करायला त्यांना सक्त मनाई आहे. दानिएल ती मोडतो, कारण ज्या मारिसितावर सतत पाऊस पडतो तिच्यावर त्याचं प्रेम आहे. तिच्या पोशाखावरची फुलपाखरं भिजून गेल्याने उडू शकत नाहीत. मला ही प्रतिमा लखलखीत वाटते. तरी लेखिका त्या समाजातली नसल्याने पुस्तकावर टीका झाली आणि ती मला गैरलागू वाटत नाही. मॅक्लेमोर स्वतः मेक्सिकन-अमेरिकन, आणि त्यांच्या पानांवर स्पॅनिश शब्द, देवता आणि मजुरीची आठवण घरातल्यासारखी वावरतात. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की हा फरक जाणवतो, तेव्हा मत आपापलं बनवावं.

पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याने ‘द वेट ऑफ फेदर्स’पासून सुरुवात करावी. वाक्यं दाट आहेत, पहिली पन्नासेक पानं कोण कुठल्या घरचं हे लक्षात ठेवताना दमछाक होते, मग पकड बसते. त्यानंतर ‘वाइल्ड ब्यूटी’. ‘एव्हा लॅव्हेंडर’ची भाषा सगळ्यात मोहक आहे आणि मुखपृष्ठ बघून ते हळवं, गोड पुस्तक वाटेल, पण शेवटाकडे त्यात नायिकेवर लैंगिक हिंसाचाराचा प्रसंग आहे. घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती ते देण्याआधी मोठ्यांनी स्वतः वाचावं, आणि दिलं तर त्या प्रसंगाबद्दल आधीच सांगून द्यावं.